कार्डाचं कर्ज, साठवलेली ठेव आणि पेन्शन: आधी कशाला हात लावू?

सांजवेळ

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज रात्री हिशोबाची वही घेऊन बसले आणि असा एक आकडा निघाला की कुणाला तरी विचारल्याशिवाय झोप लागायची नाही.

माझं वय ४३. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, नोकरी कायम आहे, निवृत्तीला १७ वर्षं आहेत. खरे आकडे उघड लिहायला संकोच वाटतो. म्हणून माझा हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरते आणि बाकी सगळं त्याच मापाने सांगते. कुठे २०० लिहिलं तर दोन महिन्यांचा पगार समजा.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं काम आठ महिने बंद होतं. तेव्हा घर कार्डावर चाललं. त्यातच सासूबाईंचं ऑपरेशन निघालं, त्यासाठी पर्सनल लोन घ्यावं लागलं. आता ह्यांचं काम सुरू झालंय, पण मिळकत पूर्वीइतकी नाही. ती घरभाडं आणि सासूबाईंची औषधं यातच संपते, म्हणून या हिशोबात धरलेली नाही.

देणं असं आहे. कार्डावर १८०, महिना ३ टक्के व्याजाने. पर्सनल लोनचे ४०० बाकी आहेत, वर्षाला १४ टक्के, ३६ हप्ते उरलेत आणि हप्ता १३.७ चा आहे. शिवाय थोरल्या बहिणीकडून घेतलेले ६०. तिने व्याजाचा विषय काढला नाही, कधी परत देतेस असंही एकदाही विचारलं नाही.

जमेला बँकेतली १३० ची मुदत ठेव आहे, ६ टक्क्यांची. बचत खात्यात २०. पेन्शन खात्यासाठी पगार हातात यायच्या आधीच १० कापले जातात. त्यातले ५ मी घातले की संस्था तिच्याकडून तेवढेच ५ घालते. मी थांबवले की तीही थांबवते. वरचे ५ मीच हौसेने वाढवून घेतलेत, त्यावर संस्था काही देत नाही.

घरखर्च ७० च्या खाली येत नाही, सगळं करून पाहिलं. हप्ता आणि कार्डाची किमान रक्कम (सध्या ९ च्या आसपास) भरून ७ उरतात. त्यातले ५ मी बचत खात्यात सरकवायचा प्रयत्न करते, पण महिनाअखेरीला बहुतेक वेळा परत काढावे लागतात.

आता तो आकडा. गेले १४ महिने मी कार्डाने एकही वस्तू घेतलेली नाही. कार्ड कपाटात, जुन्या फायलीत आहे. दर महिन्याला किमान रक्कम तारखेच्या आत भरली, एकदाही चुकवली नाही. मला वाटत होतं, चाललंय, हळूहळू का होईना कमी होतंय. आज १४ स्टेटमेंटं पलंगावर ओळीने मांडली आणि बेरीज केली. भरलेले पैसे १५३. कर्ज २४४ वरून १८० वर आलं, म्हणजे ६४ ने उतरलं. बाकीचे ८९ व्याजात गेले. त्याच १४ महिन्यांत माझ्या ठेवीने मला ९ मिळवून दिले.

बेरीज चुकली असेल म्हणून दोनदा केली. तीच आली.

एक सहकारी म्हणते, पेन्शन पूर्ण बंद कर आणि सगळं कार्डात घाल. भाऊ म्हणतो, काहीही कर पण ठेव मोडू नकोस, अडीअडचणीला दुसरं आहे काय तुझ्याकडे? आणि माझं मन पेन्शनपाशी अडतं. माझ्या वडिलांना पेन्शन नव्हती. त्यांच्या शेवटच्या वर्षांत आई प्रत्येक गोळीचं पाकीट उलटं करून किती उरल्यात ते मोजायची आणि मग माझ्याकडे बघायची. तोंडाने काही म्हणायची नाही. ती वेळ माझ्या मुलीवर यायला नको, म्हणून तर ते वरचे ५ सुरू केले होते.

ठेव मोडू का? पेन्शन थांबवू का, आणि थांबवायची तर किती? आणि बहिणीचे पैसे कधी द्यायचे? तिचा फोन आला की हल्ली उचलवत नाही.

बेरीज-वजाबाकी

सांजवेळ, तुमची बेरीज बरोबर आहे. मीही करून पाहिली.

महिना ३ टक्के ऐकायला लहान वाटतं. पण चढत्या व्याजाने ते वर्षाला ३६ नव्हे, ४२.६ टक्के पडतं. किमान रक्कम म्हणजे बाकीच्या ५ टक्के, आणि त्यातले जवळजवळ ३ व्याजातच जातात. मुद्दल महिन्याला जेमतेम २ टक्क्यांनी उतरतं. शिवाय बाकी कमी झाली की किमान रक्कमही कमी होते, म्हणजे उतरण्याचा वेग कधी वाढतच नाही. तुम्ही असंच भरत राहिलात तर १८० चे ९० व्हायला ३२ महिने लागतील. पावणेतीन वर्षं शिस्तीने भरून अर्धं कर्ज तसंच उभं! तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, ही किमान रक्कम ठरवलेलीच अशी असते.

एक जुना ठोकताळा आहे, १४९४ मध्ये लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या छापील ग्रंथातही तो आहे. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ कळतो. तुमची ठेव ६ टक्क्यांनी दुप्पट व्हायला १२ वर्षं. कार्डाचं न भरलेलं कर्ज महिना ३ टक्क्यांनी दुप्पट व्हायला २४ महिने.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. पूर्ण १३० ची ठेव मोडा, कार्डात भरा. ५० उरतील. पेन्शनचे १० पण तेवढ्यापुरते पूर्ण थांबवा. दोन-तीन महिन्यांत कार्ड साफ होईल. ४२ टक्क्यांचं देणं डोक्यावर असताना ६ टक्क्यांची ठेव सांभाळणं म्हणजे गळक्या हौदात ओंजळीने पाणी ओतणं आहे.

उंबरठा

वरच्या उत्तरातला कार्डाचा हिशोब पटला. पण दोन ठिकाणी मला थांबवावंसं वाटतं, कारण मी स्वतः त्या रस्त्याने जाऊन आले आहे.

पहिली गोष्ट ठेवीची. चार वर्षांपूर्वी मीही असंच केलं होतं. होती नव्हती ती शिल्लक काढून कार्ड शून्यावर आणलं. त्या दिवशी इतकं हलकं वाटलं की घरी येताना एक थांबा आधीच उतरून चालत आले. सहा आठवड्यांनी आमच्या विभागातल्या अकरा जणांची नोकरी गेली, त्यात मी होते. हातात काहीच नव्हतं, मग पुन्हा तेच कार्ड. तेव्हा मला वाटायचं, कार्ड रिकामं झालंय म्हणजे गरज पडली तर ती मर्यादा आहेच की आपल्यासाठी. पण नोकरी गेल्यावर दोन महिन्यांत बँकेने ती मर्यादाच खाली आणली. अडचणीत आपल्या कामी येते ती फक्त आपली रोकड.

तुमचं कार्डाचं कर्ज झालंच मुळी ह्यांचं काम बंद पडलं तेव्हा हाताशी रोकड नव्हती म्हणून. तीच परिस्थिती पुन्हा ओढवून घेऊ नका. ठेव मोडा, पण १३० पैकी १०० कार्डात घाला आणि ३० बचत खात्यातल्या २० ला जोडून ठेवा. ५० म्हणजे तीनेक आठवड्यांचा घरखर्च. फार नाही, पण नळ फुटला, कुणी आजारी पडलं, तर कार्ड कपाटातच राहील.

दुसरी गोष्ट पेन्शनची. तुमच्या पेन्शनचे १० म्हणजे एक वस्तू नाहीये, त्या दोन आहेत. पहिले ५ तुम्ही घालता त्या दिवशीच १० होतात. ते बंद केले तर संस्थेचे ५ कायमचे गेले, कारण चुकलेल्या महिन्याचे पैसे संस्था मागाहून देत नाही. माझ्या तेव्हाच्या नोकरीत मी अशा आठ महिन्यांचे सोडले, ते आजही सलतं. वरचे ५ मात्र नुसते तुमचे आहेत. ते थोडे थांबले तर चालतील.

आणि बहिणीचा फोन उचला. पैसे नसतील तरी उचला.

बेरीज-वजाबाकी

उंबरठा, पेन्शनबद्दल तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. मी नुसते दर शेजारी ठेवले, काळ पाहिला नाही.

संस्था जुळवते ते ५ जागच्या जागी दुप्पट होतात. तेच ५ कार्डात भरले तर वाचणारं व्याज तेवढंच व्हायला २४ महिने लागतात. म्हणजे कार्ड दोन वर्षांहून जास्त रेंगाळणार असेल तरच ते ५ तिकडे वळवण्यात अर्थ आहे. इथे तर ते काही महिन्यांचंच काम आहे. त्यामुळे जुळवणीचे ५ चालू ठेवा, वरचे ५ तेवढे थांबवा.

१०० भरून ५० हाताशी ठेवायचे तर काय होतं तेही पाहिलं. कार्डावर ८० उरतात. पगार १००, घरखर्च ७०, हप्ता १३.७, म्हणजे १६.३ राहतात. थांबवलेले ५ धरून २१.३. महिना २० कार्डात धरूया.

८० वर व्याज चढून ८२.४, त्यातून २० गेले, ६२.४. पुढच्या महिन्यात ४४.३. मग २५.६. मग ६.४. पाचव्या महिन्यात शून्य. एकूण व्याज ६.६.

पूर्ण १३० भरले असते तर तीन महिन्यांत संपलं असतं आणि व्याज २.८ लागलं असतं. म्हणजे ३० हाताशी ठेवायची किंमत दोन महिने आणि ४ पेक्षा कमी. उंबरठांचा अनुभव वाचल्यावर मी हे ४ द्यायला तयार आहे. ठेवीला हातच लावला नाही तर याच २० च्या हप्त्याने ११ महिने लागतात आणि व्याज ३३ जातं. भावाला हे ३३ आणि ६.६ शेजारी शेजारी लिहून दाखवा.

कर्जविभाग

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो. कुठल्या बँकेत ते महत्त्वाचं नाही, कामकाज सगळीकडे साधारण सारखंच असतं. काही व्यवहारातल्या गोष्टी.

ठेव मोडायच्या आधी ती कधी पिकतेय ते पाहा. मुदतीआधी मोडली की दर थोडा कापला जातो. मुदत संपायला महिना-दोन महिनेच उरले असतील तर ठेवीवर तारण कर्ज विचारा, त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा थोडाच जास्त असतो. ठेव जागेवर राहते आणि कार्डाचं ३ टक्क्यांचं व्याज त्याच दिवशी थांबतं. मुदत लांब असेल तर सरळ मोडा.

कार्डाचं व्याज रोजच्या बाकीवर चढतं. त्यामुळे देय तारखेची वाट बघू नका. पगार झाला त्याच दिवशी भरा.

कार्ड कपाटात ठेवलंय ते फार चांगलं केलंत. मागची बाकी असताना नवी खरेदी केली तर तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि माझ्या टेबलासमोर बसून ते पहिल्यांदा ऐकतात. कुणी चिडतं, पण जास्त लोक गप्प होतात.

पेन्शनचे वरचे ५ थांबवल्यावर हातात पूर्ण ५ येतील असं धरू नका. त्या पैशांवर करसवलत घेत असाल तर थोडा कर कापला जाईल. बेरीज-वजाबाकी यांनी २१.३ ऐवजी २० धरलेत, ते ठीक आहे.

पर्सनल लोन नंतर लवकर फेडायचं झालं तर आधी करारात मुदतपूर्व फेडीचं शुल्क आहे का ते वाचा. आणि जादा रक्कम भरताना अर्जावर स्पष्ट लिहा: हप्ता तेवढाच ठेवा, मुदत कमी करा. नाही लिहिलं तर कधी कधी हप्ता कमी करून देतात आणि मुदत तेवढीच राहते. माणसाला बरं वाटतं, पण व्याज फारसं वाचत नाही.

कार्ड शून्यावर आलं की बाकी नसल्याचं पत्र लेखी मागून घ्या. शेवटच्या भरण्यानंतरही मधल्या दिवसांचं थोडं व्याज पुढच्या स्टेटमेंटला येतं. ते राहून गेलं तर त्यावर पुन्हा दंड बसतो.

उतरतं ऊन

मी ६७ वर्षांचा आहे. आकडे या मंडळींनी मांडले आहेत, त्यात मी भर घालू शकत नाही. 'वरचे ५ थांबवा' या सल्ल्याबद्दल मात्र मला लिहायचं आहे. सल्ला बरोबर आहे. पण मीही असंच 'थोडे दिवस' थांबवलं होतं.

वयाच्या ३६ व्या वर्षी घराच्या कर्जापायी मी पेन्शनमधली माझी जादा वर्गणी बंद केली. दोन वर्षांसाठी, असं बायकोला सांगितलं होतं. दोन वर्षांनी मुलाची शाळा बदलली. मग धाकटीचा जन्म. मग गाडी. प्रत्येक कारण खरं होतं, एकही उधळपट्टी नव्हती. वर्गणी पुन्हा सुरू केली तेव्हा मी ४७ चा होतो. अकरा वर्षं! त्या अकरा वर्षांत कुठल्याच दिवशी मी ठरवलं नव्हतं की आता सुरू करायची नाही. फक्त सुरू करायचा दिवस उजाडला नाही.

आज त्याचा अर्थ असा की मी आणि ही दोघंही एकाच वेळी दाताच्या डॉक्टरकडे जात नाही. या वेळी तिचं, पुढच्या वेळी माझं. कुणासमोर हात पसरावा लागत नाही, आम्ही बरे आहोत. पण ती दातावर हात ठेवून म्हणते, 'माझं राहू द्या, तुमचं आधी करा', तेव्हा मला ते ३६ वं वर्ष आठवतं.

म्हणून सांगतो. थांबवायचा अर्ज द्याल त्याच दिवशी पुन्हा सुरू करायचा अर्जही द्या, पुढची तारीख घालून. सही करून कार्यालयात ठेवून या. आज तुमचं मन पक्कं आहे, आईच्या गोळ्या तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. सहा महिन्यांनी दुसरं काहीतरी डोळ्यांसमोर असेल.

बेरीज-वजाबाकी

काका, हे वाचून थोडा वेळ काहीच लिहावंसं वाटलं नाही.

मी इथे लिहिणार होतो की कार्ड संपल्यावर मोकळे होणारे सगळे २० पर्सनल लोनकडे वळवा, कारण १४ टक्के वाचणं ही खात्रीची गोष्ट आहे आणि पेन्शन खातं दरवर्षी १४ देईल असं कुणी सांगू शकत नाही. निव्वळ आकड्यांनी तेच खरं. पण काकांच्या सांगण्यावरून दुसरा हिशोब करून पाहिला.

पाच महिन्यांनी लोनची बाकी ३५४ असेल आणि ३१ हप्ते उरलेले. २० पैकी ५ लगेच पेन्शनकडे परत गेले आणि ५ हाताशी साठत राहिले, तर लोनमध्ये महिना १० जादा जातात. ते १७ महिन्यांत संपतं आणि सुमारे ३२ व्याज वाचतं. पेन्शनचे ५ सुरू न करता तेही लोनमध्ये घातले, म्हणजे १५ जादा, तर १४ महिन्यांत संपतं आणि आणखी ७ वाचतात. फरक तीन महिन्यांचा आणि ७ चा. अकरा वर्षं राहून जाण्याची भीती असेल तर हे ७ काहीच नाहीत. मी माझा सल्ला बदलतो. वरचे ५ ठरल्या तारखेला सुरू करा.

काका म्हणतात त्या गोष्टीवर संशोधनही झालेलं आहे. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कर्मचाऱ्यांकडून आजच लिहून घ्यायचं की पुढच्या प्रत्येक पगारवाढीबरोबर निवृत्तीची बचत आपोआप थोडी वाढेल. आजच्या पगारातून काही जात नाही, म्हणून माणूस हो म्हणतो. आणि पुढे ती बंद करायची तर उठून अर्ज द्यावा लागतो, तो बहुतेक जण देत नाहीत. पहिल्या कंपनीत अशा लोकांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. थेलर यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. काकांची वर्गणी ज्या आळसामुळे अकरा वर्षं बंद राहिली, तोच आळस इथे बचतीच्या बाजूने वळवला आहे. सांजवेळ, सुरू करायचा अर्ज देताना पुढच्या पगारवाढीला १ ने वाढवा असंही लिहिता आलं तर लिहा.

उंबरठा

बहिणीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहिते.

व्याज शून्य असलेलं देणं हिशोबात सगळ्यात शेवटी येतं, ते खरं. पण तुम्ही फोन उचलत नाही म्हणता, म्हणजे व्याज दुसरीकडून जातंच आहे. तिला सगळं सांगा. कार्ड कधी संपणार, लोन कधी, आणि तिचे कधीपासून, ते महिन्यासकट. आणि या महिन्यापासून १ तरी पाठवत जा. तुमच्याकडे २० नंतर १.३ उरतात, त्यातून. ६० पुढे १ काहीच नाही, पण दर महिन्याला ठरल्या दिवशी आलेला १ पाहिला की तिला कळेल की तुमच्या डोक्यात आहे. मी माझ्या दिराचे असेच फेडले. शेवटचे त्यांनी घेतलेच नाहीत, पण तोवर आमचं बोलणं कधी तुटलं नव्हतं.

सांजवेळ

बारा दिवसांनी लिहिते आहे. तुम्हा सगळ्यांची उत्तरं मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. काकांचं वाचताना मध्येच थांबावं लागलं.

काय केलं ते सांगते.

ठेव दोनच महिन्यांपूर्वी पुढे वाढवलेली होती, त्यामुळे मोडताना गेलेलं व्याज १ सुद्धा नव्हतं. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, 'पूर्ण मोडायची?' आणि माझा हात पावतीवरून निघेना. नऊ वर्षं ती पावती कपाटात होती. दर वेळी नवी झाली तरी जागा तीच, लग्नाच्या अल्बमखाली. मग मला ती १४ स्टेटमेंटं आठवली आणि मी पावती पुढे सरकवली. १०० त्याच दुपारी कार्डात भरले. ३० बचत खात्यात आहेत, आधीच्या २० बरोबर. ह्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक आहे की ते ५० कशासाठी आहेत.

भावाला ३३ आणि ६.६ कागदावर लिहून दाखवले. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, माझ्याही कार्डाचं बघून देशील का? मला माहीतच नव्हतं की त्याच्यावरही आहे.

संस्थेच्या लेखा विभागात गेले. वरचे ५ थांबवायच्या अर्जाबरोबर सुरू करायचा अर्जही द्यायचाय म्हटल्यावर तिथल्या बाईंनी मान वर करून पाहिलं. असं कुणी करत नाही म्हणाल्या. पण नियमात बसतं. सहाव्या महिन्याच्या पगारापासून पुन्हा ५, असा अर्ज सही करून, त्यावर पोहोच घेऊन आले. पगारवाढीबरोबर १ वाढवायचं त्या अर्जात लिहिता आलं नाही, त्यासाठी तेव्हा वेगळा अर्ज लागेल. पोहोचेची झेरॉक्स वहीत चिकटवलीय. जुळवणीच्या ५ ला हात लावलेला नाही.

लोनचा करार काढून वाचला. पहिल्या वर्षानंतर मुदतपूर्व फेडीला शुल्क नाही, आणि माझं पहिलं वर्ष कधीच होऊन गेलंय. 'हप्ता तेवढाच, मुदत कमी' हे शब्द कराराच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलेत, म्हणजे तेव्हा विसरायला नको.

ताईला परवा मीच फोन केला. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. १ पाठवलाय आणि दर महिन्याला पाठवेन म्हटलं. ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, मला वाटत होतं माझंच काही चुकलं, म्हणून तू बोलत नाहीस. आठ महिने ती असं समजत होती.

वहीत कार्डाचे पुढचे पाच आकडे पेन्सिलीने लिहिलेत: ६२.४, ४४.३, २५.६, ६.४, ०. दिवसांच्या व्याजाने थोडे इकडेतिकडे होतील. पगार उद्या होतोय. २० भरते आणि पहिला आकडा शाईने लिहिते.